उत्तमदादाचा साबुदाना

माह्या भाच्यानं नांदुऱ्यात टेसनाच्या रस्त्यावर हॉटेल टाकलं अन् त्याले नाव देलं फारमोसा. आता मले सांगा, ह्या नावात खायासारखं काय आहे? मानसानं हॉटेलाले देवाचं नाव द्यावं, मायचं द्यावं, काहीच नाही सुचलं तर स्वतःचं ठोकून द्यावं. पन नाही. हा लढाईवर गेला, सिंगापुरात जपान्याच्या कैदेत पडला, हाडाचा सापळा होऊन घरी आला, अन् येतानी काय आनलं तर एका बेटाचं नाव.

"तू गेलता का रे त्या बेटावर?" मी इचारलं.

"नाही आत्या."

"मंग?"

"तिथला एक आचारी होता आमच्या कँपात."

घ्या! आचारी पाह्यला अन् बेट उचलून आनलं. मी त्याले म्हनलं, बरं झालं बाप्पा तुले तिथं कोनी न्हावी नाही भेटला.

मी गोजरबाई. मले देलं पिंपळगाव राजाले, पन माहेर नांदुऱ्याचं. भाऊ गेला तव्हापासून माही वयनी तानुबाई अन् तिचे दोन लेकरं, उद्धव अन् कोकिळा, एवढंच माहेर उरलं. लढाई संपली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोकिळेचं लगन ठरलं, सुलतानपूरच्या शेषरावाच्या पोराशी. तानुबाई म्हंजे गरीब गाय, कोनी डोळे वटारले का पदर तोंडात धरनारी. म्हनून मी महिनाभर पहिलेच येऊन बसली. घरात कोनी तरी तोंडाचं मानूस पाहिजे ना!

आल्यावर दुसऱ्याच दिवशी उद्धव मले हॉटेलात घेऊन गेला. कौतुकानं, हात धरून. टिनाचं छप्पर, रेल्वेच्या जुन्या लाकडाचे बाक, दारात पान्यानं भिजवलेलं पोतं टांगलेलं. आत कापसाच्या जिनातले मुनीम, टेसनातले बाबू, शाळेतले पोट्टे, सगळे वाट्यात तोंड घालून बसलेले. मले वाटलं एवढी गर्दी आहे तर काही तरी भजे-जिलबी असन. कशाचं काय!

पहिले त्यानं एक पोळी आनली. कांद्याची पात चिरून कनकेत कोंबलेली, गुंडाळून-गुंडाळून लाटलेली, तेलात भाजलेली. मी म्हनलं, अरे कांदा पोळीच्या बाजूले ठेवते मानूस, पोटात नाही घालत. तो हसला. मंग मले सुगावा लागला का मागच्या चुलीवर चहाचं पातेलं आहे अन् चहात अंडे उकडून राह्यले. चहात! टरफलासगट! मी उठूनच उभी राह्यली. "उद्धव, आताच्या आता ते पातेलं बाहीर ने, नाही तर मी चालली पिंपळगावले." तिकडं म्हने असंच खाते. तिकडं खात असन, इथं चहा पेते अन् अंडं फोडते. पातेलं त्या दिवशी मागच्या दारानं इंजिनवाल्यायकडं गेलं अन् पुन्हा काही हॉटेलात आलं नाही. एवढं तरी मी नांदुऱ्याचं भलं केलं.

मंग आली वाटी. ह्या वाटीसाठी सगळे मरून राह्यले होते म्हने. खाली गुळाचं पानी, त्यात आद्रक. त्यात बोराएवढे गोळे, काही पांढरे, काही पिवळे. वरून चवळी शिजवलेली, गोड. अन् त्याच्यावर बर्फाचा भुगा, सुताराच्या रंध्यावर किसलेला. बर्फ भुसावळहून गाडीनं येते, लाकडाच्या भुशात गुंडाळून. म्हंजे पाहा, आद्रक गरम, बर्फ थंडा, चवळी भाजीतली, गूळ खिरीतला. चार घरचे चार पाहुने एका खाटेवर निजवले. मी एक गोळा तोंडात टाकला. चावला तर दाताले चिकटे, गिळला तर गळ्यात अटके. हे काय खानं झालं? तोंडाले निस्ता व्यायाम!

पन दुसऱ्या गोळ्याले मले समजलं. मी रांधनारी बाई आहे.

"काऊन रे, हे तांदूळ आहे ना?"

"हो आत्या. तांदळाच्या पिठाची उकड काढतो. पांढरे निस्ते तांदळाचे, पिवळ्यात रताळं कालवतो."

"अन् लोक तर म्हनून राह्यले साबुदान्याचे गोळे."

"लोक म्हनते. मी कधी नाही म्हनलो. लढाईपासून साबुदाना पाह्यला का तू बाजारात? कोनी इचारलं तर सांगतो. पन कोनी इचारतच नाही, खाते अन् जाते."

खरंच होतं त्याचं. आपल्याकडं ज्वारीचा मुलूख. तांदूळ दिसते तो सनावाराले, तोही शिजवलेला भात म्हनून. पांढरं, गोल अन् चिकट दिसलं का आमचं मानूस साबुदानाच समजते, पुढं डोकं चालवत नाही.

आता त्या आचाऱ्याचं सांगून टाकावं. कँपात उद्धव तापानं पडला होता. आता जातो का मंग जातो, असं झालं होतं. तो फारमोसाचा आचारी जपान्याच्या भटारखान्यात होता. जपानी त्यालेही कुत्र्यासारखं वागवत. त्यानं एक दिवस लपवून वाटीत असेच गोळे आनले अन् याच्या तोंडात एक-एक घातले. भाषा याची त्याले नाही, त्याची याले नाही. उद्धव म्हने, आत्या, तो पहिला घास गेला अन् मले घर आठवलं. नंतर तो आचारी कुठं गेला, काय झालं, काही समजलं नाही. म्हनून हॉटेलाले ते नाव. हे समजल्यावर मी नावाले हसनं सोडलं. गोळ्याले नाही सोडलं.

आता उत्तमरावाचं ऐका.

उत्तमराव माहा चुलतभाऊ, उद्धवचा काका. आमच्या भावकीत सगळ्यात मोठा. पागोटं असं बांधते का जसं डोक्यावर मंदिर ठेवलं. उभ्या जन्मात त्यानं एकादशी मोडली नाही, हे त्यानं उभ्या गावाले इतक्या वेळा सांगितलं का कुत्र्यायलेही पाठ आहे. उद्धव लढाईवरून आला तव्हा ह्या मानसानं काय करावं? पोटाशी धरावं, तेलपानी करावं, बाप नाही त्या लेकराले. नाही! यानं भावकीचे चार डोके ओट्यावर बसवले अन् त्या पोराले समोर उभं केलं. इचारलं, तिकडं काय-काय खाल्लं?

दुसरा कोनी असता तर म्हनला असता, भात खाल्ला काका, मीठ लावून. संपलं असतं. पन उद्धव म्हंजे माह्या भावाचा पोरगा, खोटं बोलनं याच्या रक्तातच नाही. म्हने, "काका, जे भेटलं ते खाल्लं. उंदीरही खाल्ला. एक डाव बैल मेला होता, त्याचंही खाल्लं. नाही तर मेलो असतो."

झालं! चारही डोके हलले. उत्तमदादानं निकाल देला, याच्या हातचं अन्न कोनी खायाचं नाही, याले पंगतीत घ्यायाचं नाही. वरून म्हने, पोरगा सरळ आहे, खोटं बोलत नाही, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हनून आमचा विलाज नाही. वा रे वा! खरं बोलला म्हनून शाबासकी, अन् खरं बोलला म्हनूनच बाहीर!

अन् ह्या निकालाले एक खिडकी ठेवलेली होती, स्वतःसाठी. अन्न चालत नाही, पन फराळ चालते. रताळं, साबुदाना, दूध, फळ, याले म्हने दोष नाही, हे कोनाच्याही हातचं घ्यावं. म्हनून एरवी हे भावकीवाले रस्त्याच्या त्या बाजूनं तोंड फिरवून जात, जसं का हॉटेलात पटकी आली. पन एकादशी आली का रताळं-दुधासाठी सरळ आत! अन् आता तर उन्हाळ्याचे दिवस, नांदुऱ्याचं ऊन, अन् बर्फाची वाटी नवी निघालेली. एवढा धर्म कोनाले सुचनार नाही?

पन खरी गोष्ट कोकिळेच्या लगनाची होती. आमच्यात अक्षता पडल्या का नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळते. माह्या बहिनीले नीट ठेवजो, असं सांगनं असते ते. कोकिळेले एकच भाऊ. तो जित्ता आहे का मेला हे समजत नव्हतं तव्हा ह्या पोरीनं रोज तुळशीपुढं दिवा लावला. ते म्हने, "माहा दादाच कान पिळन."

उत्तमदादानं निरोप धाडला, "उद्धवनं मांडवात पाय ठेवला तर भावकीतला एक मानूस पानावर बसनार नाही. कान पिळायाले माहा पोरगा आहे."

त्याचा पोरगा! हा पोरगा असा का माशी हाकलायाले त्याले मानूस लागते. तो कान पिळनार!

तानुबाई रडाले बसली. भावकी उठून गेली अन् वऱ्हाड पाहत राह्यलं तर उद्या सासरी कोकिळेले काय ऐकून घ्या लागन, या धाकानं ते अर्धी झाली. उद्धव मायच्या पायाशी बसला अन् म्हने, "माय, मी नाही येत मांडवात. लगन नीट होऊ दे." अन् कोकिळा भिताडाकडं तोंड करून बसली. मले तिघायचाही राग आला. काय हे मानसं! एकानं तरी पाय आपटावा ना!

लगनाच्या आधी एकादशी आली, वैशाखातली. मलेही उपास. दुपारी मी हॉटेलात भिताडाशी बसली होती. उद्धवनं मले रताळं उकडून देलं होतं, तूप-मीठ लावून. तेवढ्यात पोतं बाजूले झालं अन् आत आले कोन, तर उत्तमदादा, मागं कडूबा अन् भावकीतले आनखी दोघं. हा कडूबा म्हंजे उत्तमदादाचं शेपूट. उत्तमदादा शिंकला तर याले सर्दी.

"वाट्या आन बे," उत्तमदादा बाकावर बसला. पुतन्याले 'बरा का, कसा आहे' नाही. वाट्या आन बे!

उद्धव हात पुसत समोर आला. म्हने, "काका, आज हे नका घेऊ. आज एकादशी आहे. तुमच्यासाठी रताळे उकडून देतो."

"काऊन? आमच्यासाठी वाटी नाही का?"

"तसं नाही काका. ह्या गोळ्यात —"

"चूप!" उत्तमदादा असा वरडला का टेसनाचे बाबू उठून पाहाले लागले. "तू मले शिकवतं का बे, फराळाले काय चालते अन् काय नाही? मेलेल्या बैलाचं खाऊन आलेला तू! उभा जन्म एकादश्या केल्या मी. आन म्हनलं ना!"

उद्धवनं पुन्हा तोंड उघडलं. कडूबानं त्याच्या पुढं बोट नाचवलं, "काका म्हनते तेवढं कर."

पोराचा चेहरा उतरला. आत गेला अन् वाट्या घेऊन आला. अन् आता ह्या पंडिताची अक्कल पाहा. वाटी समोर आल्याबरोबर उत्तमदादानं चमच्यानं एक चवळी उचलली, तिघायले दाखवली अन् म्हने, "पाह्यलं? कडधान्य टाकलं! उपासाले! याले एवढंही समजत नाही अन् चालला मले शिकवाले." मंग बसला एक-एक चवळी निवडून बाकाखाली टाकत. चवळी निवडली अन् तांदूळ खाल्ला. कडूबानंही तसंच केलं. बर्फ होता, आद्रक होतं, गोळे मऊ होते. पहिली वाटी संपली, दुसरी आली. कडूबा म्हने, "दादा, साबुदाना लय मोठा आहे नाही?" उत्तमदादा म्हने, "सिंगापुरी आहे तो. चांगल्यातला." अन् डोळे मिटून चावत राह्यला.

उद्धव माह्याकडं पाहून राह्यला होता. आत्या, सांग ना तू. मी नाही सांगितलं. माह्या तोंडात रताळं होतं. अन् खरं सांगू का, नसतं तरी मी बोलली नसती.

ते गेल्यावर उद्धव मले रागावला. "आत्या, म्हाताऱ्याची एकादशी मोडली. त्यानं कधी मोडली नव्हती."

"तू दोन डाव सांगाले गेलता."

"तरी पन."

"तरी पन काय? त्यानं ऐकलं असतं तर मोडली नसती. तू तोंड बंद ठेव अन् लगनाच्या दिवशी समोरच्या निंबाखाली उभा राह्य. मांडवात नको येऊ, निंबाखाली. तिथं तर कोनाच्या बापाचं काही जात नाही?"

लगनाचा दिवस आला. सुलतानपूरचं वऱ्हाड आलं, शेषराव आला. भला मानूस, मोठ्या पोटाचा, हसरा. अक्षता पडल्या. वाजंत्री थांबली. भटजी म्हने, "कानपिळीले नवरीच्या भावाले बोलवा." उत्तमदादानं आपल्या पोराले पुढं ढकललं. पोरगं दोन पाय पुढं आलं अन् कोकिळेनं मान वर केली.

"हा माहा भाऊ नाही," ते म्हने. भर मांडवात, मुंडावळ्या बांधलेली नवरी! "माहा भाऊ तिथं निंबाखाली उभा आहे."

शाबास माही बाई! मले वाटलं पोरगी भिताडाकडं तोंड करूनच जन्म काढते का काय.

शेषराव इकडं-तिकडं पाहाले लागला. "काय झालं? भाऊ आहे तर बाहीर काऊन?"

उत्तमदादानं पागोटं सारखं केलं. त्याले पाहिजेच होतं कोनी तरी इचारायाले. "व्याहीबुवा, सांगाले लाज वाटते पन सांगा लागते. पोरगा लढाईवर होता. तिथं त्यानं मेलेल्या बैलाचं खाल्लं. आमच्या पंगतीत त्याले जागा नाही. तो मांडवात आला तर आमाले उठा लागते."

"कोनी पाह्यलं खातानी?" शेषराव म्हने.

"पाहा कशाले लागते? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अन् पोरगा खोटं बोलत नाही, हे उभं नांदुरा जानते."

मी पदर खोचला. ह्याचीच वाट पाहून राह्यली होती मी.

"दादा," मी म्हनलं, "उद्धव खोटं बोलत नाही ना?"

"नाही बोलत."

"कधीच?"

"कधीच. हेच तर सांगून राह्यलो, गोजर."

"बरं. अन् उद्धवच्या हातचं अन्न ज्यानं खाल्लं असन त्याचं काय?"

"तो त्याच्याच रांगेत. मंग तो कोनी का असेना," उत्तमदादा म्हने. छाती फुगवून म्हने.

"उद्धव, इकडं ये. मांडवात नको, तिथूनच सांग. एकादशीले तुह्या काकाच्या वाटीत काय होतं?"

उद्धव म्हने, "जाऊ दे ना आत्या."

"सांग म्हनलं तर सांग!"

त्यानं खाली पाह्यलं. मंग वर पाह्यलं, काकाकडं. "तांदूळ होता. मी सांगाले गेलतो काका. तुमी बोलू नाही देलं."

असा गलका झाला का वाजंत्रीवाल्यायले वाटलं वाजवा लागते, त्यायनं एक डाव पीपी केलं. बाया तोंडाले पदर लावून हसून राह्यल्या. कडूबा उत्तमदादाकडं पाहून म्हने, "आं? दादा? तांदूळ? मी दोन वाट्या खाल्ल्या!" अन् हात पोटावर ठेवून खालीच बसला, जसं का आता पोट फुटून तांदूळ बाहीर येनार.

उत्तमदादाचं तोंड पाहासारखं होतं. लाल झालं, मंग पांढरं झालं. उभ्या जन्माची एकादशी, अन् ते चवळी निवडनं, अन् चार गावचे लोक समोर. "खोटं!" तो वरडला. "साबुदाना होता! मी साबुदाना वळखत नाही का? खोटं बोलून राह्यला हा!"

"खोटं बोलून राह्यला?" मी म्हनलं.

"शंभर डाव खोटं! पहिल्यापासून खोटारडा आहे हा!"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!"

"मंग दादा, तो मेलेला बैलही खोटाच असन. पोरानं काहीच खाल्लं नाही तिकडं. बिचारा भात-मीठ खाऊन आला."

उत्तमदादा पागोटं चाचपाले लागला. आता म्हन ना काही! तांदूळ खरा म्हन, तर तू त्याच्या रांगेत. तांदूळ खोटा म्हन, तर तो तुह्या रांगेत. मी जराशी वाट पाह्यली, माहेरचा मान म्हनून. मंग शेषराव हसला. त्याचं ते मोठं पोट गदागदा हाललं. "चला चला," तो म्हने, "भावाले बोलवा. लोक भुकेले आहे."

उद्धव मांडवात आला. नवरदेवाजवळ गेला, त्याचा कान धरला अन् असा पिळला का नवरदेव 'आई गं' म्हनून वाकला. कोकिळा हसली अन् हसता-हसता तिच्या डोळ्यातून धार लागली. तानुबाईनं तर खांबालेच मिठी मारली. माह्या पोटात गार झालं. झालं म्हनलं, जिंकलं!

पन माहा भाचा तो माहा भाचाच. पंगत बसली. उत्तमदादा बसला, मान खाली घालून. त्याच्या बाजूले कडूबा, अन् कडूबाच्या बाजूले उद्धवचं पान मांडलं होतं. माही वयनी स्वतः म्हने, "बस बाप्पा." उद्धव पानापाशी आला अन् उभाच राह्यला.

"काका," त्यानं सावकाश म्हनलं, "पहिले म्हना का तांदूळ होता."

उत्तमदादा पानाकडं पाहत म्हने, "साबुदाना होता."

"मंग मी नाही बसत. मी खोटं नाही बोललो, ना आता, ना तव्हा. मी तिकडं खाल्लं ते खरं आहे. ज्या मानसानं मले तोंडात घास घालून वाचवलं तोही खरा आहे. ते सगळं खोटं करून मले पंगतीत नाही बसायाचं." अन् गेला. निंबाखालून, सरळ टेसनाच्या रस्त्यानं.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं जमवून आनलं मी, त्याच्या पानावर वाढून झालं, अन् हा गेला! मी त्याच्यामागं हॉटेलापर्यंत शिव्या देत गेली. मूर्खा, म्हनलं, एक पंगत बसला असता तर काय झालं असतं? त्यानं हात धुतले, चूल पेटवली अन् दोन वाट्या केल्या, एक माह्यापुढं ठेवली, एक स्वतः घेतली. मी रागारागानं खाल्ली. दाताले चिकटली. मंग मीही पंगतीत गेली नाही.

मले वाटलं इथंच संपलं. पन पुढच्या एकादशीले मी कोकिळेच्या परतनीसाठी पुन्हा नांदुऱ्याले होती, अन् हॉटेलात भिताडाशी रताळं खात बसली होती. पोतं बाजूले झालं. उत्तमदादा आत आला. एकटा. कडूबानं तव्हापासून त्याचं शेपूट होनं सोडलं होतं अन् गावभर सांगत फिरत होता का मी तांदूळ खाल्ला बाप्पा, माहं चुकलं, उद्धवच्या रांगेत बसतो. आता उत्तमदादा हॉटेलात नाही आला तर लोक म्हननार, पाह्यलं, त्यालेही माहीत होतं तांदूळ आहे. म्हनून आला. या लागलं त्याले.

सगळे चमचे थांबले. मुनीम, बाबू, शाळेतले पोट्टे, सगळे पाहाले लागले.

उद्धव त्याच्यासमोर उभा राह्यला. आवाज नाही चढवला, पन सगळ्यायले ऐकू गेलं. "काका, तांदूळ आहे."

उत्तमदादा बाकावर बसला.

"रताळं उकडून ठेवलं आहे तुमच्यासाठी. तूप-मीठ लावून. एक डाव म्हना निस्तं, तांदूळ आहे. मंग ते देतो, अन् मीही येतो पंगतीत. घरी चला, मायच्या हातचं जेवू सोबत."

म्हाताऱ्यानं माह्या ताटलीतल्या रताळ्याकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मले वाटलं, आता म्हनते. त्याचे ओठ हालले. मंग त्यानं हॉटेलभर नजर फिरवली, एकेका तोंडावरून.

"वाढ," तो म्हने. "साबुदाना वाढ."

उद्धवनं वाढला. चवळी टाकली नाही, त्याची त्यानं काळजी घेतली. उत्तमदादानं चमचा उचलला, पांढरा गोळा तोंडात घातला अन् चावाले लागला. एक-एक गोळा चावता-चावता तो माह्या रताळ्याकडं पाहून राह्यला होता. तरी त्यानं सगळी वाटी संपवली. अन् उठतानी, डोळे पुसत, सगळ्यायले ऐकू जाईन अशा आवाजात म्हने, "आज चांगला भिजला साबुदाना."

तव्हापासून दर एकादशीले येते.